सुनेच्या आजोबांचं गाव

आगाशिवच्या डोंगराआड सूर्य गेला की मलकापुरात इफ्तारची घाई सुरू होते. खजूर, केळी, कांदाभजी, सरबताचा जग. आमच्या गल्लीतल्या एका चाचींकडे रमजानमध्ये एकदा तरी माझं ताट ठरलेलं असतं. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. तो शिकायला परदेशी गेला, तिथंच नोकरीला लागला, तिथंच त्याचं लग्न झालं. यंदाही मी गेलो. रोजा सोडला, नमाज झाली आणि चाचींनी फोन पुढं केला. पडद्यावर सून होती, तिच्या मांडीवर दोन वर्षांचा नातू. नातवानं आजीला हात हलवून दाखवला. आजीनं फोनच्या काचेवरूनच त्याच्या गालावर बोट फिरवलं. फोन बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, "सर, तेरावा महिना लागला. हो बी न्हाई, न्हाई बी न्हाई. आपण कागदात खरं लिव्हलं, ते चुकलं का?"

हा प्रश्न माझ्यासाठीच होता, कारण तो अर्ज भरताना मी शेजारी बसलो होतो.

सून युरोपातल्या एका देशाची नागरिक आहे. जन्म तिथला, शिक्षण तिथलं, पासपोर्ट तिथला. लग्नाची रीतसर नोंदणी तिथंच झाली आहे. मुलगा आजही भारताचा नागरिक आहे. तीन आठवडे सासरी यायचं, ईद करायची, सासऱ्यांच्या कबरीवर फातिहा पढायचा आणि परत जायचं, एवढाच बेत. २०२५ च्या फेब्रुवारीत, गेल्या रमजानच्या तोंडावर, मुलानं तिकडून अर्ज उघडला. इकडून माहिती द्यायला चाचींनी मला बोलावलं. नाव, पत्ता, नोकरी इथपर्यंत सगळं सरळ गेलं. मग एक प्रश्न आला: तुमचे आईवडील किंवा आजीआजोबा, वडिलांकडचे किंवा आईकडचे, पाकिस्तानचे नागरिक होते का?

सुनेचे आजोबा होते. पण त्यांचा जन्म पाकिस्तानातला नाही. तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातला. घरात कोकणी बोली, शाळेत मराठी मोडी. कोकणातली शेकडो मुसलमान घरं त्या काळात बोटीवर, बंदरात, गोदीत पोट भरत होती. हे आजोबाही १९४६ साली मुंबईहून बोटीनं कराचीच्या बंदरात कामाला गेले. आज हे वाचताना आपल्याला वाटतं, माणूस पाकिस्तानात गेला. तसं नव्हतं. ते गेले तेव्हा पाकिस्तान नावाचा देशच नव्हता. १ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत झाला, तोवर तर कराची, रत्नागिरी आणि आपलं कराड एकाच मुंबई इलाख्यात होती. कराचीतल्या एका जुन्या नावाजलेल्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. आजोबांच्या लेखी ते पुण्याला नाहीतर बेळगावला नोकरीला जाण्यासारखंच होतं.

मग सरहद्द आली. जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायला परमिट लागायला लागलं. १९५२ पासून पासपोर्ट आणि व्हिसा. नोकरी तिकडं, पगार तिकडं, लग्न झालेलं, लेकरू झालेलं. माणूस जिथं होता तिथला कागद त्याच्या हाती पडला. पुढं त्यांचा मुलगा युरोपात गेला. त्याची मुलगी ही आमची सून. सुनेनं कराची आयुष्यात एकदाच पाहिली आहे. रत्नागिरी मात्र तिला आजोबांच्या तोंडून पाठ आहे. नारळाच्या रसातली घावनं कशी करायची हे तिनं आजीकडून शिकून घेतलंय.

अर्जातल्या त्या प्रश्नावर आमची गाडी अडली. गावातल्या एका जाणकारानं, व्हिसाची कामं करून देणाऱ्यानं, सल्ला दिला, "आजोबांचा जन्म रत्नागिरीचाच ना? मग 'नाही' लिहा. कोण बघतंय पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं? 'हो' लिहिलंत की भिजत घोंगडं पडलं समजा." चाचींनी माझ्याकडं पाहिलं. सुनेनं फोनवरून विचारलं, "सर, क्या लिखूँ?" मी म्हटलं, "जो सच है वो लिखो." नागरिकत्व विचारलंय, जन्मगाव नाही. उत्तर 'हो' असंच आहे. रोजा म्हणजे नुसतं उपाशी राहणं नव्हे. खोटं बोलणं सोडलं नाही तर उपाशी राहण्याला काही अर्थ नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. तिनं 'हो' लिहिलं.

त्या एका शब्दानं काय होतं ते आता सांगतो, कारण हे बहुतेक वाचकांना ठाऊक नसेल. मलाही नव्हतं.

परदेशी माणसाला भारतात यायला आज ई-व्हिसाची सोय आहे. कितीतरी देशांच्या नागरिकांना घरबसल्या, काही दिवसांत तो मिळतो. पण पाकिस्तानी मुळाच्या माणसाला, मग त्याचा पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो, ही सोय नाही. त्यानं कागदी अर्ज करायचा, तो चौकशीसाठी पुढं जाणार आणि वाट बघायची. दुसरी गोष्ट ओसीआय कार्डाची. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला, नोंदवलेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलं असेल तर, हे कार्ड मिळू शकतं. मग आयुष्यभर व्हिसाची कटकट नाही. पण नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ मध्ये एक अट आहे: ज्याचे आईवडील, आजोबा-आजी किंवा पणजोबा-पणजी कधीकाळी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक होते, त्याला हे कार्ड मिळणार नाही.

पणजोबा म्हणजे चौथी पिढी. सुनेच्या आजोबांच्या पासपोर्टामुळं तिला कार्ड नाही आणि तेच आजोबा नातवाचे पणजोबा असल्यामुळं त्या दोन वर्षांच्या पोरालाही नाही. त्या पोराचा बाप मलकापूरचा, आजोबा मलकापूरच्या मातीत पुरलेले. गंमत अशी, की हाच कायदा दुसऱ्या बाजूनं पणजोबांपर्यंत मूळ शोधत जातो आणि हक्कही देतो. ज्याचे पूर्वज घटना लागू झाली तेव्हा भारताचे नागरिक व्हायला पात्र होते, त्याच्या पणतवंडालासुद्धा ओसीआय कार्ड मागता येतं. रत्नागिरीच्या खाडीकाठचा जन्म एका हातानं जे देऊ पाहतो, ते कराचीचा कागद दुसऱ्या हातानं काढून घेतो. माणूस तोच.

माझ्या एका सहकाऱ्याची सून अमेरिकन आहे. लग्नानंतर दरवर्षी ती येते, गणपतीत आरती म्हणते, आता पुरणपोळीही लाटते. आम्हा सगळ्यांना तिचं कौतुक आहे आणि असायलाच हवं. चाची तिला बघतात आणि काही बोलत नाहीत.

आता कुणी म्हणेल, मग सरकारनं डोळे मिटून व्हिसा द्यायचा का? अजिबात नाही. हे मी सातारा जिल्ह्यात राहून लिहितोय. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ज्यांनी छातीवर गोळ्या झेलून कसाबला धरून ठेवलं, ते तुकाराम ओंबळे आपल्याच जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांत आपल्या महाराष्ट्रातले ६ जण होते. पर्यटकांना वाचवायला पुढं झालेला एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता. त्या घरांपुढं उभं राहून सुरक्षेचा बाऊ करू नका असं म्हणण्याची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. त्यानंतर भारतानं पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. दीर्घ मुदतीचे आणि राजनैतिक व्हिसा तेवढे वगळले. देश रागात होता, आणि तो राग खरा होता.

पण त्याच आठवड्यात अटारीच्या फाटकावर काय दिसलं तेही आपण सगळ्यांनी पाहिलं. भारतीय पासपोर्ट असलेल्या, पाकिस्तानात दिलेल्या लेकी माहेराहून निघाल्या होत्या. त्यांच्या पोरांचे पासपोर्ट पाकिस्तानी होते. पोरं पलीकडं जाऊ शकत होती आणि आया फाटकाशी अडकून पडल्या होत्या. या बायकांनी कुणाला मारलं नव्हतं. त्यांनी फक्त लग्न केलं होतं, तेही सरकारी परवानग्या घेऊन.

सुरक्षेचा मुद्दा नीट तपासून बघू. २६/११ चे दहा हल्लेखोर समुद्रातून आले. त्यांनी व्हिसाचा अर्ज केला नव्हता. त्यांच्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली मात्र रीतसर व्हिसा घेऊन आला होता. तो अमेरिकी नागरिक, बाप पाकिस्तानी. २००६ साली त्यानं दाऊद गिलानी हे नाव बदललं आणि नव्या नावाच्या पासपोर्टावर पुन्हा पुन्हा ये-जा केली. म्हणून मूळ विचारायचा सरकारला पूर्ण हक्क आहे. तो प्रश्न अर्जात हवाच. माझं म्हणणं वेगळंच आहे. हेडली सुटला कारण त्यानं मूळ लपवलं. आमच्या सुनेनं लपवलं नाही. जी यंत्रणा खरं लिहिणाऱ्याला तेरा महिने ताटकळत ठेवते, ती लोकांना काय शिकवते? तो गावातला जाणकार बरोबर होता हेच ना? खरं बोलणाऱ्याला चौकशी सोसावी लागली तर तक्रार नाही. पण चौकशी झाल्यावर त्याला उत्तर मिळालं पाहिजे. नाहीतर उद्या अर्ज भरणारी प्रत्येक पोर 'नाही' लिहील, आणि मग सुरक्षेला कामाचा असलेला तो एकच प्रश्न निकामी होईल.

बंद दारापुढं माणसं किती चुकीच्या वाटेनं जातात, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईचा हमीद निहाल अन्सारी अनेकांना आठवत असेल. चांगला शिकलेला, सुखवस्तू घरातला मुलगा. इंटरनेटवर पाकिस्तानातल्या कोहाटच्या एका मुलीशी ओळख झाली, जीव जडला. तो पाकिस्तानच्या व्हिसासाठी खटपट करत राहिला. व्हिसा मिळाला नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये घरी नोकरीचं कारण सांगून तो काबूलला गेला आणि तिथून व्हिसाविना पाकिस्तानात शिरला. काही दिवसांतच पकडला गेला. पुढं कितीतरी काळ तो जिवंत आहे की नाही हेही घरच्यांना कळलं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये लष्करी न्यायालयानं हेरगिरीच्या आरोपाखाली ३ वर्षांची शिक्षा दिली. त्याची आई फौजिया अन्सारी, माझ्यासारख्याच कॉलेजात शिकवणाऱ्या. त्यांनी दोन्ही देशांत जिथं जिथं दार होतं तिथं तिथं अर्ज केले. मुंबईचे पत्रकार जतीन देसाई यांनी हा विषय सोडला नाही. लाहोरची पत्रकार झीनत शहजादी हिनं हमीदचा माग काढायला घेतला तर २०१५ मध्ये तीच बेपत्ता झाली, ती सापडली २०१७ मध्ये. अखेर १८ डिसेंबर २०१८ ला हमीदनं वाघा ओलांडून अटारीला आईला मिठी मारली. एका व्हिसाच्या अर्जापासून सुरू झालेल्या गोष्टीला सहा वर्षं लागली.

हमीद चुकला. कायदा मोडून, घरी खोटं सांगून दुसऱ्या देशात शिरणं ही चूकच. त्याचं समर्थन मी वर्गातही करत नाही. पण त्या गोष्टीतली एक तारीख मला टोचते. हमीद निघाला त्याच्या दोनच महिने आधी, ८ सप्टेंबर २०१२ ला, इस्लामाबादला भारत-पाकिस्ताननं नव्या व्हिसा करारावर सह्या केल्या होत्या. आपल्या बाजूनं परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा होते. १९७४ चा जुना करार बाजूला सारून त्यात माणुसकीची काही कलमं घातली होती. ६५ वर्षांवरच्या वृद्धांना, दुसऱ्या देशाच्या नागरिकाशी लग्न केलेल्या नवराबायकोंना आणि आईबापांबरोबर येणाऱ्या १२ वर्षांखालच्या पोरांना दोन वर्षांपर्यंतचा, पुन्हा पुन्हा ये-जा करता येणारा व्हिसा. भेटीला आलेल्याला तीनऐवजी पाच ठिकाणी जायची मुभा. वृद्धांना तर अटारीला पोहोचल्यावरच व्हिसा. म्हणजे 'भेटीला येणारी बायको' आणि 'संशयित परका' यांत फरक करता येतो, हे दोन्ही सरकारांनी लिहून मान्य केलं होतं. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेवर आपल्या जवानांची हत्या झाली आणि अटारीचा तो व्हिसा ज्या दिवशी सुरू व्हायचा त्याच दिवशी थांबला.

तेव्हापासून दारं एकेक करून बंदच होत गेली. कराचीतला आपला वाणिज्य दूतावास तर १९९४ सालीच बंद झाला होता. १९७६ पासून धावणारी समझौता एक्सप्रेस आणि २००६ मध्ये पुन्हा सुरू झालेली मुनाबाव-खोखरापारची थार एक्सप्रेस, दोन्ही ऑगस्ट २०१९ मध्ये थांबल्या. मग २०२५. दोन्ही देशांत भांडण झालं की सगळ्यात आधी दंड भरतात ती लग्नं. व्यापार, क्रिकेट, नाटक-सिनेमा यांचं नुकसान भरून येईल. नातवाचं दुसरं वर्ष पुन्हा येत नाही.

आपण हे फक्त आपल्या देशाचं म्हणूनही बघू नये. जोडीदाराला भेटू द्यायच्या बाबतीत शहाणे म्हणवणारे देशही कमी नाहीत. १९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय बाईची कौमार्याची तपासणी झाली होती. ती बातमी फुटल्यावर ब्रिटनला तो प्रकार थांबवावा लागला. २०१२ मध्ये त्याच देशानं परदेशी जोडीदार आणायचा तर वर्षाला १८,६०० पौंडांची कमाई हवी असा नियम केला. एप्रिल २०२४ पासून ती रक्कम २९,००० केली. नातेवाइकांच्या भेटीचा व्हिसा नाकारला तर अपील करायचा पूर्ण हक्क होता, तो जून २०१३ मध्ये काढला. अमेरिकेच्या कायद्यात तर भेटीला येणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच येतोय असं आधी धरूनच चालतात. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं.

इथंच खरी मेख आहे. भेटीचा व्हिसा देताना अधिकारी विचारतो, परत का जाल? आणि ज्याची बायको, नवरा किंवा लेकरू तिथं आहे त्याच्याबद्दल त्याला वाटतं, हा कशाला परत जाईल? म्हणजे भेटायचं जितकं मोठं कारण, तितकाच संशय मोठा. ज्याचं तिथं कुणीच नाही त्या पर्यटकाला व्हिसा सोपा. चाचींनी स्वतः जायचाही प्रयत्न करून पाहिला. तो देश कुठला ते लिहीत नाही. नकाराच्या पत्रातला मुद्दा असा होता, की बाई विधवा आहेत, नावावर जमीन नाही, नोकरी नाही, तेव्हा त्या परत येतील याची खात्री वाटत नाही. मी पत्र वाचून मराठीत सांगितलं. चाची हसल्या. म्हणाल्या, "माझा मालक हितं मातीत हाय. मी तिकडं कशाला ऱ्हाती?" हे कारण कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला सुचलं नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. चार गोष्टी आहेत.

पहिली, मुदत. आपल्या राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कराडच्या तहसील कचेरीत दाखल्याचा अर्ज दिला की किती दिवसांत तो मिळणार हे ठरलेलं असतं. नाही मिळाला तर अपील करता येतं, नाकारला तर कारण लिहून द्यावं लागतं. भारतीय नागरिकाच्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसालाही अशी मुदत असावी. चौकशीला सहा महिने लागत असतील तर सहा महिने घ्या. पण सातव्या महिन्यात हो किंवा नाही सांगा. नाही असेल तर एका ओळीत का ते सांगा. नकार माणूस पचवतो. ताटकळणं पचत नाही.

दुसरी, मुळाची मोजदाद. आजच्या भारताच्या भूमीत फाळणीआधी जन्मलेल्या माणसाच्या नातवंडा-पतवंडांना, केवळ त्याच्या नंतरच्या पासपोर्टावरून, कायमचं बाद करू नये. प्रत्येकाची चौकशी स्वतंत्र व्हावी. २०२५ मध्ये परकीय नागरिकांविषयीचे इंग्रजांच्या काळातले जुने कायदे मोडून संसदेनं एक नवा कायदा केला, तो १ सप्टेंबरपासून लागूही झाला. म्हणजे जुनी चौकट बदलता येते. मनात आणलं तर ही अटही बदलता येईल.

तिसरी, अटी घाला पण दार किलकिलं ठेवा. एकाच गावाचा व्हिसा द्या. आल्यावर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात नोंद करायला लावा, जाताना पुन्हा हजेरी घ्या. सासरच्या माणसांकडून हमी घ्या. राजपत्रित अधिकाऱ्याची सही मागा. चाची त्यासाठी आधी माझ्याकडंच आल्या होत्या. प्राध्यापक म्हणजे मोठा साहेब असा त्यांचा समज. माझा शिक्का त्याला चालत नाही हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. पण ज्यांचा चालतो त्यांनी तो लावताना हात आखडता घेऊ नये.

चौथी गोष्ट सरकारकडं नाही, आपल्याकडं आहे. चाचींनी मला बजावलं, "नाव घालू नका सर. लोक म्हणतील पाकिस्तानची सून केली." त्यांना भीती व्हिसा अधिकाऱ्याची कमी आणि नळावरच्या, बाजारातल्या बोलण्याची जास्त आहे. मुसलमान घरांतही हे बोलणारे आहेत. "एवढ्या मुली असताना तिथंच कशाला करायची?" असं त्यांना त्यांच्या नात्यातल्यांनीच ऐकवलं. म्हणजे कचेरीत कागद अडतो त्याच्या आधी आपल्या मनात अडतो. सून कुणाची नात आहे हे आपण आधी विचारतो, ती कशी आहे हे नंतर.

रमजानच्या पानावर व्हिसाचं रडगाणं कशाला, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, याच पानावर ते शोभतं. रोजा सर्वांवर फर्ज आहे, पण मुसाफिराला सूट आहे. प्रवास संपल्यावर त्यानं तो पुरा करायचा. प्रवासात चार रकातींची नमाज दोनच रकात होते. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना द्यायची त्यांत वाटेत अडकलेला मुसाफिर आहे, मग तो आपल्या गावी कितीही श्रीमंत असो. आमचं हिजरी सालसुद्धा मोजायला सुरुवात होते ती एका स्थलांतरापासून, मक्केहून मदिनेला गेलेल्या माणसांना तिथल्यांनी घरात घेतलं त्या घटनेपासून. वाटेवरच्या माणसाला धर्म जपतो कारण घर सोडलेला माणूस दुबळा असतो. आणि हे आपल्या मातीला नवं नाही. आपल्याच जिल्ह्यातून लोणंद-फलटणच्या वाटेनं माउलींची पालखी जाते. त्या वाटेवर भाकरी वाढणारी बाई वारकऱ्याला आजोबांचं गाव विचारत नाही.

चाचींच्या शेजारी एक मराठा कुटुंब राहतं. नातू झाल्याची बातमी आली तेव्हा त्या घरातल्या काकूंनी रात्री जागून बाळंतविडा शिवला. झबली, टोपडी, दुपटी आणि जरीचा काठ लावलेली कुंची. बाळ-बाळंतीण आली की ओवाळून द्यायचा म्हणून. तो विडा अजून चाचींच्या कपाटात कापूर घालून ठेवलेला आहे. त्या दिवशी इफ्तारनंतर काकू भजी द्यायला आल्या होत्या. फोनवर पोराला बघून त्या म्हणाल्या, "आता कुंची काय त्याच्या डोक्याला व्हायची न्हाई. थोरला झाला." मग जरा थांबून म्हणाल्या, "असू दे. आल्यावर दुसरी शिवीन."

चाचींच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही, ते इथं देतो. नाही चाची, खरं लिहिलं ते चुकलं नाही. सुनेचे आजोबा रत्नागिरीत जन्मले आणि पाकिस्तानचे नागरिक म्हणून वारले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपण दोन्ही लिहिल्या. आता दोन्ही वाचून उत्तर देणं हे सरकारचं काम आहे. ईदला शिरखुर्मा करताना एक वाटी बाजूला काढून ठेवा. मी आहेच, पुढच्या वर्षीचा अर्ज भरायलाही येईन. त्या रकान्यात पुन्हा 'हो' असंच लिहू.